बदकांचा रविवार

“परत फुंकर मार. जोरात मार,” मी म्हणालो.

ऋचाने कॅसेट उलटी धरली, गाल फुगवले आणि अशी फुंकर मारली की तिच्याच कपाळावरच्या बटा उडाल्या. कॅसेट खाचेत बसवली, खटका दाबला. गेमच्या डब्यावरचा लाल दिवा लागला. टीव्हीवर मात्र नुसत्या मुंग्या.

“मेला तो, बाबा,” ती म्हणाली. प्लास्टिकची बंदूक तिच्या मांडीवर पडली होती.

“मेला नाही. दमलाय. थोडा वेळ थंड होऊ दे.”

थंड झाल्यावरही मुंग्याच. मग मी एरियलची वायर काढून घातली, टीव्हीच्या डोक्यावर दोन थापा मारल्या, कॅसेटवर स्वतः फुंकर मारली. त्या काळी व्हिडिओ गेमवर एवढेच उपचार माहीत होते.

“उदयकाकांकडे देऊ या?” ऋचा म्हणाली. “त्यांना सगळं दुरुस्त करता येतं. माईंचा मिक्सर त्यांनीच केला. माझी सायकलपण.”

“काही गरज नाही,” मी म्हणालो. “मी करतो.”

हा उदयकाका म्हणजे उदय पोतदार. साखर कारखान्यात इंजिनियर आणि माझ्या पहिल्या बायकोचा दुसरा नवरा. माई म्हणजे त्याची आई. वृंदा आणि मी भांडून वेगळे झालो नाही. भांडायलासुद्धा आमच्यात काही उरलं नव्हतं. ऋचा तिच्याकडे राहिली आणि रविवार माझा ठरला. वृंदाने उदयशी लग्न केलं तेव्हा मी पेढा मागून खाल्ला होता. तिच्या बाबतीत माझ्या पोटात कधी दुखलं नाही. दुखायला लागलं ते ऋचाच्या तोंडी दर दुसऱ्या वाक्याला काका यायला लागला तेव्हा. काकांनी पतंग बनवला. काका पोहायला शिकवणार. काकांना जगातल्या सगळ्या राजधान्या पाठ आहेत. मी दहा वर्षं तिचा बाप होतो आणि हा कानामागून आला नि तिखट झाला.

कराडला मंडईजवळ माझं चष्म्याचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. तिथे सुरुवातीचे रविवार फार वाईट गेले. ऋचा यायची, सोफ्याच्या कडेला पाय जुळवून बसायची आणि पाहुण्यांकडे आल्यासारखी ‘हो’, ‘नको’, ‘चालेल’ म्हणायची. संध्याकाळी तिला परत सोडताना मलाच सुटल्यासारखं व्हायचं. मग एकदा माळ्यावरून मी हा डबा काढला. लग्नाआधी हौसेनं घेतलेला टीव्हीवरचा गेम, सोबत बंदूक. गवतातून बदकं उडणार, आपण बंदुकीनं टिपायची. पहिलं बदक पडलं तशी ऋचा सोफ्यावर उभी राहून किंचाळली. पुढच्या रविवारी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली.

ती येते ती बदकांसाठी, माझ्यासाठी नाही, हे मी धरूनच चाललो होतो. मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. येते ना, मग कशासाठी का येईना. पण आता बदकंच उडत नसतील तर ती कशाला येईल? तिकडे सायकल होती, पतंग होते, राजधान्या होत्या. डबा गेला की रविवार गेला, एवढं साधं गणित होतं माझं.

सोमवारी डबा पिशवीत घालून स्टँडजवळच्या तांबोळीकडे गेलो. तो टीव्ही, रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने पिशवीत नुसतं डोकावून पाहिलं.

“हे आता कोण करत न्हाई साहेब. पार्टच मिळत न्हाईत. नवा घ्या की! एका डब्यात चारशे गेम येत्यात.”

“त्यात बंदूक असते का?”

“बंदूक कशाला? बटणं हैत की.”

बटणं असलेले गेम गावभर होते. उदयही ते घेऊ शकला असता, चार घेऊ शकला असता. मी पिशवी उचलून घरी आलो.

पुढच्या रविवारी ऋचा आली तेव्हा मी जय्यत तयारी केली होती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर डबा, आणि बाजूला माझे चष्म्याचे स्क्रूड्रायव्हर ओळीनं मांडलेले. चष्म्याच्या काडीतला स्क्रू मी डोळे मिटून बसवतो. हा डबा काय चीज होता?

“बाबा, आपण प्रीतिसंगमावर जाऊ या? भेळ खाऊ.”

“थांब गं जरा.”

“शाळेत काय झालं सांगू?”

“हं. सांग.”

तिने बरंच काही सांगितलं. एका मुलीचं आणि हिचं भांडण, बाईंनी दोघींना बाहेर उभं केलं, असं काहीतरी. मी हं हं करत होतो आणि आतल्या हिरव्या पट्टीवरची धूळ ब्रशनं झाडत होतो. मनात एकच चाललं होतं की, पुढच्या रविवारपर्यंत हा सुरू झाला नाही तर त्या पोतदाराचं फावणार. एक तांबडी वायर जरा वाकडी वाटली म्हणून सरळ करायला गेलो आणि ती मुळातून सुटून माझ्या बोटात आली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आता लाल दिवासुद्धा लागेना.

“बाबा, मला घरी सोड,” ऋचा म्हणाली. दुपारचे दोनसुद्धा वाजले नव्हते.

“घरी म्हणजे? हे काय आहे?”

ती चपला घालून दारात उभी राहिली. कारखान्याच्या कॉलनीत तिला फाटकाशी सोडलं, तर आतून उदयचा आवाज आला, “अरे वा! लवकर आलीस!” मला तो आवाज आनंदाचा वाटला. परतताना स्कूटर मी अशी चालवली की रस्त्यातल्या एका म्हशीनंसुद्धा बाजूला होऊन वाट दिली.

त्यानंतरच्या शनिवारी मी वृंदाला फोन केला.

“उद्या दुकानात काम आहे. ऋचाला न्यायला जमणार नाही.”

“रविवारी दुकान?”

“माल यायचाय.”

“श्री, तिला तू सांगशील का?”

“तूच सांग,” म्हणून मी फोन ठेवला. कसला माल नि कसलं काय! तिला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं, एवढंच. तिने ‘आज नको, मी इथेच थांबते’ म्हणण्याआधी आपणच नको म्हटलेलं बरं. तो रविवार मी गादीवर लोळून काढला. तिकडे काय चाललं असेल ते डोळ्यांपुढे आणत होतो. तो आणि ती, सोफ्यावर शेजारी शेजारी, हातात बटणांचा नवा गेम. मी त्याला मनातल्या मनात नवा शर्टही घालून दिला होता.

सोमवारी दुकान उघडून बसलो, तर उदय पोतदार दारात उभा.

“नमस्कार श्रीनिवासराव. काडी सैल झालीय जरा.” त्याने चष्मा काढून पुढे केला.

कारखान्याच्या वाटेवर चष्म्याची आणखी दोन दुकानं आहेत. मी चष्मा घेतला. चष्म्याविना त्याचा चेहरा अगदीच साधा दिसत होता, नाकावर दोन लाल खुणा. यात लोकांना काय आवडतं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

“ऋचा म्हणत होती, गेम बंद पडलाय,” तो म्हणाला.

“मी बघतोय.”

“झालंय काय नक्की?”

“वय झालंय. दुसरं काय?”

“मी बघू का?”

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तांबोळीनं हात टेकले होते, माझे हात तर सगळ्यांत आधी टेकले होते. आणि पुढचा रविवार सहा दिवसांवर होता. मी वर गेलो आणि पिशवी आणून काउंटरवर ठेवली. त्याने माझाच स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि डबा उघडला.

“ही वायर कुणीतरी उपटलीय.”

“तांबोळीनं उपटली असेल,” मी म्हणालो. तांबोळीनं डब्याला हातही लावला नव्हता.

“ती जोडता येईल. मूळ बिघाडही काही फार दिसत नाही, इथला जोड उडालाय.” तो डोळे बारीक करून आत बघत होता. “नुसता दुरुस्त करायचा तर होईल. पण मला वाटतं, थोडा बदल करावा. एरियलच्या वायरीतून चित्र पुसटच येणार. आतून नवी वायर काढली तर आमच्या नव्या टीव्हीला थेट जोडता येईल. मोठा चपटा टीव्ही आहे, एकदम लख्ख दिसेल. म्हणजे ऋचाला आमच्याकडेही...” तो थांबला. “म्हणजे कुठेही खेळता येईल. नाहीतर मग तिच्या वाढदिवसाला नवाच घेऊन टाकू.”

‘आमच्याकडेही’ म्हणाला होता तो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याकडे शिल्लक राहिलेली एकुलती एक गोष्ट, ती उचलून हा आपल्या भिंतीवर टांगायला निघाला होता. वर दुरुस्तीचे उपकार!

आणि तेवढ्यात मला आठवलं. त्या बंदुकीची एक गंमत होती. ती गोळी मारत नाही, ती बघते. नळीच्या आत एक छोटं भिंग आहे. चष्मेवाल्याला कुठेही भिंग दिसलं की पुसल्याशिवाय राहवत नाही, म्हणून मला माहीत. चाप ओढला की पडद्यावर क्षणभर बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि तो बंदुकीला दिसला तरच बदक पडतं. हे जमतं फक्त जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीवर. समोरच्या ओसवालनं चपटे टीव्ही विकायला आणले तेव्हा त्याने नि मी तिथे हा गेम लावून पाहिला होता. चित्र आलं, बदकं उडाली, पण दोघांनी मिळून तासभर चाप ओढला तरी एक पडेल तर शपथ.

“करा की,” मी म्हणालो. “नवी वायर काढा. खुशाल काढा. नवा गेम मात्र नको, तिला हाच आवडतो.”

“नक्की? नंतर म्हणाल, माझ्या वस्तूला हात लावला.”

“छे हो! तुम्ही काय परके आहात?”

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान खाली घालून त्याच्या काडीचा स्क्रू आवळला, काचा पुसून दिल्या. पैसे विचारल्यावर ‘राहू द्या हो’ म्हणालो. एवढा उदार मी एरवी नसतो.

तो आठवडा माझा मजेत गेला. काउंटरवर बसल्या बसल्या मला ते सगळं दिसायचं. मोठा टीव्ही, लख्ख चित्र, ऋचा बंदूक रोखून उभी. ठो. काही नाही. परत ठो. काही नाही. बदकं शेपट्या हलवत निघून चाललीत आणि सर्व काही येणारे काका घामाघूम. मग ऋचा म्हणणार, माझ्या बाबांकडे पडतात. हे वाक्य तर मी तिच्या आवाजात म्हणूनही पाहिलं. एका गिऱ्हाइकानं विचारलं, “काही म्हणालात का?”

रविवारी दहाला फाटकाशी गेलो. ऋचा दप्तर छातीशी धरून तयार होती. घरी आल्या आल्या तिने दप्तरातून डबा काढला. झाकण पुसलेलं, एरियलची जुनी वायर नीट गुंडाळून रबर लावलेलं. नव्या वायरीचा पत्ता नव्हता. टीव्हीला जोडला, खटका दाबला, आणि गवत आलं, आभाळ आलं, बदक उडालं. ऋचानं ते उडता उडताच टिपलं.

“कसा काय चालला तिकडे?” मी विचारलं. “मोठ्या टीव्हीवर?”

“तिकडे नाही लावला.” दुसरं बदक पडलं. “काका म्हणाले, वायर बदलली तर चित्र येईल पण बदकं पडणार नाहीत. त्या टीव्हीवर बंदुकीला दिसत नाही. त्यांनी कुठेतरी वाचलं.”

माझा अख्ख्या आठवड्याचा तमाशा असा न होताच संपला. तरी मी सावरलो. नाही तर नाही! गेम इकडे तर आला. मग माझ्या डोक्यात एक शंका आली.

“मग चालतो की नाही ते कशावर बघितलं?”

“माईंच्या टीव्हीवर.”

“माईंचा कुठला टीव्ही?”

“त्यांच्या खोलीत आहे ना, आपल्यासारखाच. जुना, मोठ्या पोटाचा. मी तीन बदकं पाडली, माईंनी एक पाडलं.”

“अगं मग तिथेच खेळायचंस की आठवडाभर!”

“मी म्हटलं तसं. काका नाही म्हणाले.” तिने बंदूक खाली केली आणि उदयसारखी मान तिरकी करून त्याच्या आवाजात म्हणाली, “‘हा बाबांच्या घरचा खेळ आहे, बाबांच्या घरी खेळायचा.’ मग त्यांनी तो पिशवीत घालून कपाटावर ठेवला. घे बाबा, तुझी पाळी.”

मी बंदूक घेतली. एकही बदक लागलं नाही. लागणार कसं? हा माणूस लबाड असता, ढोंगी असता, निदान आळशी तरी असता, तर मला किती सोपं गेलं असतं. पण नाही. सायकल दुरुस्त करणार, राजधान्या सांगणार आणि वर माझा रविवार घडी घालून, रबर लावून माझा मला परत पाठवणार. इतका मत्सर मला त्याचा तोपर्यंत कधीच वाटला नव्हता. आज या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षं झाली, ऋचा नोकरीला लागली, पण त्या दुपारची जळजळ मला अजून आठवते.

दुपारी आम्ही संगमावर जाऊन भेळ खाल्ली. शाळेतल्या त्या भांडणाचं पुढे काय झालं, असं मी विचारलं, तर तिने ते पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. ऊन उतरल्यावर तिला सोडायला गेलो. उदय अंगणात पाइपनं झाडांना पाणी घालत होता. ऋचा “काका, सतरा पाडली!” असं ओरडत त्याच्या बाजूनं आत पळाली. मी एरवी फाटकाशीच स्कूटर वळवायचो. त्या दिवशी बंद केली.

“चालला ना?” त्याने नळ बंद करत विचारलं.

“चालला. वायर नाही बदललीत?”

“बंदूक चालत नाही नव्या टीव्हीवर. तुम्हाला माहीत होतं.”

“होतं,” मी म्हणालो.

“वाटलंच मला. तुम्ही माझ्याशी इतकं गोड कधी बोलत नाही.” तो हसला, मीही हसलो. काय करणार?

“पण माईंच्या टीव्हीवर चालत होता,” मी म्हणालो.

तो पाइप गुंडाळायला लागला. गुंडाळून झाल्यावरही हातात धरून उभा राहिला.

“चालत होता. ठेवून घ्यावा असं आलं होतं मनात. खोटं कशाला बोलू?”

“मग ठेवला का नाहीत?”

“काय उपयोग!” तो फाटकापाशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, “श्रीनिवासराव, एक विचारू? रविवारी तुम्हाला दहाच्या आधी नाही येता येणार?”

“का हो?”

“ती उठल्यापासून या पायरीवर येऊन बसते. दप्तर मांडीवर घेऊन. मी म्हणतो पोहे खा, सायकल काढू, नदीवर जाऊ. हलत नाही. रस्त्यावरून कुठलीही स्कूटर गेली की उठून उभी राहते. मला नाही बघवत ते.” त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगाच पुसला. “जळतो हो मी. माझ्या घरात बसून, माझ्यासमोर बसून दुसऱ्याची वाट बघते.”

तो जळतो? तो? मला क्षणभर वाटलं, मीच बोलतोय. मग मी म्हणालो, “बदकांसाठी बसत असेल. पोरं ती.”

“कसली बदकं घेऊन बसलात? गेम बंद होता तेव्हाही बसायची. तुम्ही फोन करून येत नाही म्हणालात ना, त्या रविवारी तर वृंदानं तिला सांगितलं होतं, बाबा येणार नाही. तरी बसली. बारा वाजेपर्यंत. म्हणे, माल लवकर आला तर येईल बाबा.”

फाटकाच्या गजावर हात ठेवून मी नुसता उभा राहिलो. आत ऋचा माईंना मोठ्यानं काहीतरी सांगत होती.

“आठला येतो,” मी म्हणालो.

“सातला या,” उदय म्हणाला आणि त्याने फाटक लावून घेतलं.